विलगीकरणवाले काकाजी

सिमेंटच्या गावात असा एक तरी माणूस सापडतोच, जो कारखान्यातून निवृत्त होतो पण हेल्मेट काही त्याच्या डोक्यातून उतरत नाही. कोरपन्याचे काकाजी त्यातलेच. सारी नोकरी सेफ्टी खात्यात गेली. नातवासाठी त्यांनी नागपूरहून लाल कानाचं कासव आणलं, ते नातवानं अजून पाहिलेलं नाही. खोलीच्या दारावर पाटी आहे: 'विलगीकरण चालू. प्रवेश बंद.'

नवं कासव निदान महिनाभर, जमलं तर तीन महिने वेगळं ठेवावं, हे खरंच आहे. ही जात दुखणं शेवटपर्यंत लपवते. पण वेगळं ठेवायचं ते घरातल्या जुन्या कासवांपासून. काकाजींच्या घरात जुनं म्हणावं तर एक फ्रीज आणि काकूजी.

"काहून जी, बाहेर पंचेचाळीस डिग्री अन् तुम्ही दिवा लावता?" शेजारी विचारतात. दिवा उष्णतेचा नाही, अतिनील किरणांचा. खिडकीच्या काचेतून ते किरण जवळजवळ येत नाहीत, आणि ते नसले की कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं. काकाजी हे वीस मिनिटं सांगतात. चिडवायला जावं तर हा माणूस बरोबर निघतो, त्याची खरी खोड हीच.

पशुवैद्यकीय दवाखान्यात ते शेळ्यांच्या रांगेत काडेपेटी घेऊन बसले. पेटीत कासवाची विष्ठा. डॉक्टरांनी शेण तपासतात तशी ती तपासली. जंताची अंडी निघाली. मागून एक शेळीवाला म्हणाला, "आयव्हरमेक्टिन टोचा ना, आमच्या बकरीले तेच देतेत."

काकाजी उभेच राहिले. "कासव मरते त्यानं!"

डॉक्टरांनी मान हलवली, दुसरं औषध लिहिलं आणि वजन विचारलं. काकाजींनी वही उघडली. दर सोमवारची नोंद, ग्रॅममध्ये, किराणा दुकानाच्या काट्यावरची, खाली दुकानदाराची सही.

परवा एका शेतकऱ्याला पैनगंगेकाठी कासव सापडलं. काकाजींना आवड आहे म्हणून त्यानं ते पोत्यात घालून आणून दिलं. अखेर खऱ्या विलगीकरणाला दुसरं कासव मिळालं! पण देशी कासव पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा. काकाजींनी स्वतःच वनविभागाला फोन लावला. वनरक्षक आला, पोतं उचललं आणि निघाला.

"थांबा," काकाजी म्हणाले, "हात साबणानं धुतल्याशिवाय गाडीले हात नाही लावायचा. साल्मोनेला."

वनरक्षक मुकाट्यानं मोरीकडे वळला. काकाजींनी वहीत वेळ लिहिली आणि त्याची सही घेतली.