गल्ला आणि खिसा

छोट्या दुकानदाराची वर्षअखेर एकदा येऊन भागत नाही. दिवाळीत वहीपूजनाला व्यापाऱ्याचं वर्ष संपतं, ३१ डिसेंबरला जगाचं, ३१ मार्चला सरकारचं आणि गुढीपाडव्याला पंचांगाचं. चारही वेळा शेठ एकच संकल्प सोडतो, ‘पुढच्या वर्षी धंदा वाढवायचा.’ आणि चारही वेळा तो गल्ल्यात हात घालून पोराला ट्यूशनची फी देतो.

खर्डी आणि कसारा यांच्या मधल्या उंबरमाळीसारख्या गावात तर आणखी एक पाचवं वर्ष चालतं. ते भाताचं. ज्येष्ठात बियाणं, खत, घरावर टाकायचं प्लास्टिक, पोरांच्या वह्या अशी उधारी चढायला लागते. आषाढ-श्रावणात ती ऐन भरात असते. भात झोडून घरात आलं, की कार्तिकात ती उतरणीला लागते. वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन गाव सोडतात. त्यातली काही खातं मिटवून जातात, काही ‘शेठ, आल्यावर बघू’ म्हणून जातात. आल्यावर म्हणजे पुढच्या पावसाच्या तोंडावर, नव्या उधारीच्या मुहूर्तावर. म्हणजे लक्ष्मीपूजनाला शेठ ज्या वहीला हळदकुंकू वाहतो, तिच्यातली लक्ष्मी अजून शेतात उभी असते.

वसुली कडक करावी, असं शहरातून आलेला जावई सांगतो. शेठ हसतो. खातं पुरतं फिटलेलं गिऱ्हाईक मोकळं होतं, ते उद्या खर्डीच्या दुकानातही जाईल. पन्नास रुपये मागे ठेवणारं गिऱ्हाईक मात्र इथेच येणार, निदान मान खाली घालून तरी. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी शेठनंही लावली आहे. तिच्याच खिळ्याला उधारीची वही टांगलेली असते.

कमाई वाढवायच्या वाटा सगळ्यांना तोंडपाठ आहेत. पौष पौर्णिमेला मुरबाडकडे म्हशाच्या जत्रेत पाल टाकावं. तिथे गुरांचा बाजार भरतो, घोंगड्या विकल्या जातात आणि भुकेलेली माणसं काहीही खातात. फ्रीज घ्यावा. हायवेला वडापावची गाडी लावावी. या शेवटच्या सल्ल्याची हवा मात्र जरा गेली आहे. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला. ज्याला घाई आहे तो आता तिकडून जातो, आणि त्या रस्त्यावर मनात आलं म्हणून टपरीपाशी गाडी थांबवता येत नाही. वडापावच्या गाडीला घाईतलाच माणूस लागतो, पण थांबू शकणारा.

मग मोबाइलवरून पैसे घेणं आलं. काउंटरवरचा डबा प्रत्येक रक्कम खणखणीत आवाजात जाहीर करतो. पूर्वी शेठची कमाई कुणालाच माहीत नव्हती, शेठलाही नाही. आता समोरच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना ती माहीत असते, शेठ तेवढा अजून अंधारात आहे. कारण डबा आलेलं सांगतो, गेलेलं सांगत नाही.

आणि गेलेलं सगळं बारीक असतं. कल्याणहून कसारा लोकलच्या मालडब्यात पोती घालून आणायची, उंबरमाळीला गाडी थांबली की घाईघाईनं उतरवायची, यात तिकिटाचे पैसे वहीत येतात. शेठची अख्खी सकाळ येत नाही. दुपारी दुकानात बसणाऱ्या शेठाणीची मजुरी येत नाही. बरणीतली गोळी घेऊन पळणारा नातू येत नाही. दाराआडून ‘अहो, किलोभर साखर आत पाठवा’ असं कुणी म्हणालं, तर ती साखर तर कुठेच येत नाही. ती विकलीही जात नाही, संपते मात्र.

जास्त कमवायचं तर आधी सध्या किती कमावतो हे कळायला हवं. आणि ते कळूच नये अशी सगळी व्यवस्था आपण दुकानदारांनी मोठ्या मायेनं उभी केली आहे. गल्ला आणि खिसा एक, दुकान आणि माजघर यांच्यामध्ये फक्त एक पडदा. नफा त्या पडद्याखालून आत जातो आणि पोळी होऊन ताटात येतो. म्हणून वर्षअखेरीला हातात काहीच दिसत नाही, आणि घर मात्र चाललेलं असतं.

तेव्हा यंदाचा संकल्प फ्रीजचा नको, वहीतल्या दोन कोऱ्या पानांचा असू द्या. एका पानावर मालकाचा आणि मालकिणीचा पगार, मग तो कितीही लाजिरवाणा निघो. दुसऱ्या पानावर घरात गेलेला माल, साखरेपासून काडेपेटीपर्यंत, तारखेनिशी. कुठला माल नफा देतो, कुठला नुसती जागा अडवतो, हे त्यानंतरच विचारता येतं.

फक्त एक सावधगिरी हवी. वर्षभर प्रामाणिकपणे लिहिलं, तर गावातला सगळ्यात मोठा उधारीवाला कोण, हे ३१ मार्चला नक्की कळेल. तो पडद्याच्या आत राहतो, दोन्ही वेळा गरम जेवतो, आणि त्याच्याकडे वसुलीला जायचं म्हणजे आधी शेठाणीची गाठ घ्यावी लागेल.