खाली डावीकडून तिसरा

वाढदिवस साहेबांचा असला तरी फ्लेक्स असतो खाली डावीकडून तिसऱ्याचा. कुठल्याही चौकातला घ्या. वरच्या पट्टीत गोल चौकटींतले पक्षाचे थोर नेते, मध्ये हात जोडलेले साहेब, डोक्यावर ‘कार्यसम्राट, विकासपुरुष, गोरगरिबांचे कैवारी’ आणि तळाला शुभेच्छुकांची रांग: गॉगल, गळ्यात साखळी, कानाला मोबाईल. वरचा मजकूर कोणी वाचत नाही. रांगेतला प्रत्येक जण आधी स्वतःचा फोटो शोधतो आणि मग शेजारच्याचा मोठा छापलाय का ते बघतो.

तो मजकूर कोणी लिहीतही नाही. फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर तयारच असतो. गेल्या आठवड्यातल्या कार्यसम्राटांचं नाव खोडायचं, या आठवड्यातल्यांचं टाकायचं. घाईत एखादी ओळ तशीच राहते आणि तिशीही न गाठलेले युवानेते एकसष्टीच्या शुभेच्छा स्वीकारत महिनाभर चौकात उभे राहतात. दर चौरस फुटावर असतो, विशेषणांचे वेगळे पैसे पडत नाहीत. म्हणून तर इतकी असतात.

हे सगळं खोटं आहे हे साहेबांना कळत नाही का? चांगलं कळतं. वॉर्डातले रस्ते त्यांनीही पाहिलेत, गाडीची काच वर करून का होईना. पण कळलं तरी गोड लागायचं ते लागतंच. २०१० साली हाँगकाँगच्या दोन संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांना दुकानाचं पत्रक दिलं: तुमची कपड्यांची आवड काय झकास आहे, या आमच्याकडे खरेदीला. वाचणाऱ्यांनी डाव ओळखला, मनातल्या मनात वजावटही केली. तरी दुकानाबद्दल आत कुठेतरी बरं वाटलं ते वाटलंच. आता पत्रकाच्या जागी वीस फुटी फ्लेक्स धरा.

आणि खरी स्तुती साहेबांच्या काय कामाची? रस्ता खरंच चांगला झाला तर विरोधकही ‘बरा झालाय’ म्हणेल. त्यात आपला कोण, परका कोण, कसं कळणार? घोटाभर खड्ड्यात उभं राहून ‘विकासपुरुष’ म्हणणारा मात्र नक्की आपला. जेवढं धडधडीत खोटं, तेवढी निष्ठा पक्की. आपल्यापायी पंचवीस पोरं भर चौकात स्वतःचं हसं करून घ्यायला तयार आहेत, एवढं साहेबांनी फ्लेक्सवरून मोजलेलं असतं. तिकीटवाटपाच्या वेळी पोरंही तो हिशेब काढतात.

हिशेब कच्चा आहे, ही गोष्ट वेगळी. आणीबाणीच्या काळातले काँग्रेसाध्यक्ष देवकांत बरुआ यांनी इंदिरा म्हणजेच भारत आणि भारत म्हणजेच इंदिरा, असं जाहीर करून टाकलं होतं. आपल्या गल्लीतल्या भाटांनी कितीही जोर लावला तरी याच्या पुढे कुठे जाणार? १९७७ साली बाईंचा पराभव झाला, पुढे पक्ष फुटला आणि बरुआ निघाले विरोधी गटात. भारत होता तिथेच राहिला.

कायदा आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे. १९९५ सालचा विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे, बेकायदा फ्लेक्स उतरवा असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली बजावलेलंही आहे. पालिकेची गाडी येते, नाही असं नाही. पण ती आधी वळते नुकतंच तिकीट कापलेल्या साहेबांच्या फ्लेक्सकडे, तेही रात्रीत शुभेच्छुकांनीच उतरवला नसेल तर.

उतरवलेला फ्लेक्स वाया जात नाही. कापड चिवट, पाणी झिरपत नाही. कोणीतरी तो गुंडाळून नेतो आणि जूनच्या आत गळक्या पत्र्यावर पसरून चारी कोपऱ्यांना विटा ठेवतो. तेवढा एक पावसाळा साहेब खरोखरच गोरगरिबांचे कैवारी असतात.