आपल्या घड्याळातली फायनल

सिंगापुरातला फुटबॉलवेडा माणूस डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवरून ओळखावा. त्याचा संघ राहतो लिव्हरपूलला किंवा मँचेस्टरला, आणि तो स्वतः राहतो टोआ पायोला, बाराव्या मजल्यावर. युरोपात चॅम्पियन्स लीगची फायनल 2025 पर्यंत रात्री नऊला सुरू व्हायची, तेव्हा इथे पहाटेचे तीन वाजलेले असायचे. आपल्याकडे पूर्वी पहाटे तीनला उठणाऱ्या माणसाला एकतर काकडआरती गाठायची असे किंवा पहिली एसटी. इथला उठतो तो अंधारातच टीव्ही लावतो, आवाज बंद करतो, आणि गोल झाला की उशीत तोंड खुपसून ओरडतो. अर्धं शहर दहा हजार किलोमीटर लांबच्या दुःखानं सोमवारी ऑफिसात पेंगत असतं.

अशा गावात मी लायन सिटी सेलर्सचा चाहता आहे. हे सांगितलं की आमच्या मराठी मंडळींना आधी वाटतं, मी होडीबिडी वल्हवायला जातो की काय. मग समजावून सांगावं लागतं, की हा इथलाच क्लब. मूळचा पोलिसांचा, मग होम युनायटेड झाला, आणि 2020 साली सी नावाच्या कंपनीनं तो घेतला तेव्हा नाव बदललं. ही कंपनी म्हणजे शॉपीची मालक. गणपतीच्या मखरासाठी आमच्या घरी जे काही दिव्यांच्या माळांचं पार्सल येतं, त्यातल्या चार आण्यांवर आमचा डावा विंगर पोसला जातो, असं मी हिला सांगतो. तिला हा युक्तिवाद पटत नाही, पण माळा ती मागवतेच.

2025 साली हे सेलर्स एएफसी चॅम्पियन्स लीग टूच्या फायनलला पोचले. आशियाई क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत सिंगापूरचा एकही क्लब त्याआधी गेला नव्हता. कसे पोचले, ही गोष्ट मात्र मी पाहुण्यांसमोर जरा भरभर सांगतो. उपांत्यपूर्व फेरीत जपानच्या सान्फ्रेचे हिरोशिमानं त्यांच्या मैदानावर आम्हाला 6-1 असं धुतलं होतं. मग निघालं असं, की त्यांनी उतरवलेल्या एका खेळाडूवर आधीच्या क्लबकडून खेळताना बंदी लागली होती आणि ती अजून भोगून व्हायची होती. निकाल फिरला आणि आम्ही तो सामना 3-0 नं जिंकलो! दुसरा इथे 1-1 सुटला, आणि आम्ही पुढे. कागदपत्रं नीट नसतील तर काम होत नाही, हे सिंगापुरात राहणाऱ्या कोणालाही कोणी शिकवावं लागत नाही. जपान्यांना ते शिकवायची वेळ यावी, याचं मात्र नवल वाटलं. त्यानंतर उपांत्य फेरीत सिडनीला घरी 2-0 हरवलं, तिकडे 1-0 नं हरलो, आणि हे सगळं भर मैदानात, चेंडूनं झालं, हे मी पाहुण्यांना मुद्दाम सांगतो.

फायनल 18 मेला, रविवारी, आणि तीही बिशानला. म्हणजे आमच्या एमआरटी स्टेशनाच्या बाजूला. समोर शारजाचा क्लब. नेहमीच्या स्टेडियमात माणसं मावणार नाहीत म्हणून तात्पुरते स्टँड उभे केले होते. संध्याकाळी जेवून, चपला घालून, चालत जाता येईल अशी फायनल! अलार्म नाही, उशी नाही. बिशान वसलं ते जुन्या चिनी दफनभूमीच्या जागेवर, हे मला माहीत होतं, पण त्या आठवड्यात मी ते कोणालाही आठवू दिलं नाही.

आशेचं एक बरं असतं, ती तोंडानं वेगळं बोलते आणि मनात वेगळं करते. तोंडानं मी सगळ्यांना सांगत होतो, ‘‘अहो, इथवर आलो हेच पुष्कळ.’’ मनात मात्र विजयाची मिरवणूक ऑर्चर्ड रोडवरून न्यावी की मरीना बेवरून, याचा विचार चालला होता. मोठ्यानं काही बोलायचं नाही, दृष्ट लागते. हिला म्हटलं, देव पाण्यात ठेवू या. ती म्हणाली, ‘‘तुमचे सेलर्स पाण्यातले, देवांना कशाला ओढता?’’

आमच्या इमारतीखालच्या कॉफीशॉपमध्ये एक चिनी अंकल रोज कोपी-ओ घेऊन बसतात. त्यांच्यालेखी सिंगापूरच्या फुटबॉलचा काळ 17 डिसेंबर 1994 च्या रात्रीच थांबला. त्या रात्री शाह आलमला सिंगापूरनं पाहांगचा 4-0 असा फडशा पाडून मलेशिया कप जिंकला. कप्तान फांदी अहमद, अब्बास साद याचे तीन गोल. हजारो सिंगापूरकर सीमा ओलांडून गेले होते, अंकल त्यांतले एक. त्यानंतर सिंगापूर त्या स्पर्धेतून बाहेर पडलं, स्वतःची लीग काढली, आणि कल्लांगच्या स्टेडियमातली ती गर्जना म्हाताऱ्यांच्या गप्पांत राहायला गेली. ‘‘बिशानला येणार?’’ विचारलं तर म्हणाले, ‘‘टीव्हीवर बघीन.’’ प्रत्यक्षात ते माझ्या आधी स्टेडियमात पोचले होते, आणि शेजारच्या खुर्चीवर टिश्यूपेपरचं पाकीट ठेवून त्यांनी माझी जागाही धरली होती. नंबर असलेल्या खुर्चीवर! सिंगापुरी सवय.

सामन्याचं वर्णन करायला मी काही समालोचक नाही. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला शारजाच्या फिरास बेन लार्बीनं गोल केला, आणि आजूबाजूला सगळे ‘इथवर आलो हेच पुष्कळ’ असं आपापल्या भाषेत म्हणू लागले. नव्वद मिनिटं सरली. बाबांच्या खांद्यावरची पोरं पेंगायला लागली. आणि एक्क्याण्णवाव्या मिनिटाला मॅक्सिम लेस्टियेननं बरोबरी केली.

पुढची सहा मिनिटं मी जितका श्रीमंत होतो तितका सीपीएफचं, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीचं, खातं बघूनही कधी झालेलो नाही. अंकल उभे राहून मला मिठी मारत होते, ज्या माणसाशी माझं इतक्या वर्षांत ‘आज गरम आहे’च्या पुढे बोलणं गेलं नव्हतं. एक्स्ट्रा टाइम होईल, पेनल्टी होतील, आपला गोलकीपर दोन अडवील. मिरवणूक मी तेवढ्यात ऑर्चर्ड रोडवरून नक्की केली. सोमवारी ऑफिसात पेढे न्यायचे, तर लिटल इंडियातलं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं, हेसुद्धा आठवून झालं. माणसाला जिंकल्यावर जे जे मिळतं, ते मला आधीच मिळालेलं होतं. फक्त कप राहिला होता.

सत्त्याण्णवाव्या मिनिटाला मार्कस मेलोनीनं तो शारजाला दिला. 2-1.

घरी परतायला चालत वीस मिनिटंही लागली नाहीत. जगात लोक हरण्यासाठी किती लांब जातात, किती महागडी विमानं पकडतात! आम्ही झोपायच्या वेळेला हरलो, वरणभात गरम करून खाल्ला, आणि सकाळी ऑफिसात माझे डोळे चक्क टवटवीत होते. दुःख झालं नाही असं नाही. पण ते आपल्या घड्याळाप्रमाणे झालं.

याची किंमत मला त्याच आठवड्यात कळली. बुधवारी स्पेनमध्ये बिलबाओला टॉटनहॅम आणि मँचेस्टर युनायटेडची युरोपा लीगची फायनल होती, म्हणजे इथे गुरुवारी पहाटे तीनला. आमचा एक मित्र टॉटनहॅमचा. 2008 च्या लीग कपनंतर त्यांना एकही कप मिळाला नव्हता, आणि मधल्या फायनलनी त्याचे केस पांढरे केले होते. ब्रेनन जॉन्सनच्या एका गोलावर ते जिंकले आणि पहाटे पाचला आमचा फोन खणखणला. पलीकडून नुसते हुंदके.

ही दचकून उठून बसली. ‘‘अहो, कोण गेलं?’’

‘‘कोणी नाही. टॉटनहॅम जिंकलं.’’

‘‘मग रडतात कशाला?’’ म्हणाली आणि कूस बदलून झोपली. मला मात्र त्याला समजवायला अर्धा तास लागला, की बाबा, आता रडू नको, जिंकलास.