डॉक्टर नाही होणार? मग शिकता कशाला?

बीएस्सीला फिजिऑलॉजी घेतलंय असं सांगितलं की आपल्याकडे दोनच प्रकारची माणसं भेटतात. काका लोक गुडघा पुढे करतात, त्यांना ती फिजिओथेरपी वाटते. काकू आवाज खाली आणून विचारतात, "नीटला थोडक्यात गेलं का गं?"

शरीर आतून कसं चालतं हे एखाद्या पोरीला नुसतं समजून घ्यायचं असेल, ही शक्यता आपण हिशेबातच धरलेली नाही. कोलकात्यानं धरली. प्रेसिडेन्सी कॉलेजात सुबोधचंद्र महालनोबिस यांनी 1900 साली फिजिऑलॉजीचा विभाग उभा केला. कलकत्ता विद्यापीठाच्या कॉलेजांत आजही पोरं हा विषय इतिहास-भूगोलासारखा ऑनर्सला घेतात आणि घरात कोणी रडत नाही. (संख्याशास्त्रवाले महालनोबिस हे यांचे सख्खे पुतणे. पुतण्या काकांहून मोठा झाला आणि तरी भांडण नाही. महाराष्ट्रात हे पुराव्यानिशी सांगावं लागतं.)

आपल्याकडे फिजिऑलॉजी म्हणजे एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा टोलनाका. थांबा, पैसे टाका, पुढे व्हा. गायटनचा जाड ग्रंथ उशाला, अभ्यास मात्र जुन्या प्रश्नपत्रिकांतून. प्रॅक्टिकलला हिमोग्लोबिन मोजायची साहलीची नळी. तिच्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचं, बोटाला लॅन्सेट टोचून वीस मायक्रोलिटर रक्त सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं. मग थेंब थेंब डिस्टिल्ड वॉटर घालत तो तपकिरी रंग शेजारच्या काचेशी जुळवायचा. पद्धत जुनाट, पण हात, डोळा आणि धीर तिन्ही शिकवणारी. एवढा धीर आहे कोणाला? आधी पुस्तकातलं नॉर्मल बघायचं, मग आपलं रक्त. मुलं-मुली धरून अख्ख्या बॅचचं हिमोग्लोबिन साडेचौदा! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयातल्या 57 टक्के बायका ॲनिमिक निघाल्या. पाहणीवाल्यांनी आमची जर्नलं बघायला हवी होती. बेडूक तर आता संगणकातच असतो, त्याचा आलेख चुकायची सोयच नाही.

बरं, डॉक्टर झाल्यावर कोणी याच विषयात एमडी करायला निघालं, तर सांत्वनाला माणसं येतात. "क्लिनिकल नाही मिळालं वाटतं." पदव्युत्तर प्रवेशात ज्या जागा उरतात त्यांत फिजिऑलॉजी असतेच. त्या भरायला 2023 मध्ये सरकारनं नीट-पीजीच्या पात्रतेचा पर्सेंटाइल थेट शून्यावर आणला. परीक्षेला बसलात? पात्र. आणि जी पोरं हा विषय आपण होऊन मागतात, तीन-चार वर्षं मन लावून शिकतात, त्यांच्या कपाळी शिक्का 'नॉन-मेडिकल'. आल्फ्रेड नोबेलनं मृत्युपत्रात बक्षीस लिहिलं ते 'फिजिऑलॉजी किंवा मेडिसिन'साठी, तेही फिजिऑलॉजी आधी. बिचाऱ्याला आपला कटऑफ माहीत नव्हता.

विषयाला गिऱ्हाईक नाही, विषयाच्या अज्ञानाला मात्र रांग आहे. तुमची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतात. रात्री, सुट्टीच्या दिवशी, तुम्ही सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडत असतानासुद्धा. तरी सकाळी व्यायामशाळेबाहेर काकडी-पुदिन्याचं हिरवं पाणी 'किडनी डिटॉक्स' म्हणून विकलं जातं, आणि ते घ्यायला उभे असतात तेच काका, गुडघ्याला पट्टा बांधून.

तेव्हा एखाद्या कॉलेजला यंदा ही पदवी खरंच सुरू करायची असेल, तर पाटीवर फिजिऑलॉजी लिहू नये. 'वेलनेस सायन्स' लिहावं. जागा पहिल्या फेरीत भरतील, फी तिप्पट लावता येईल आणि प्रॅक्टिकलला बोट टोचण्याऐवजी मिक्सर चालेल.