दुःखाला दहापैकी दहा

उदास संगीताची एक सोय फार मोठी. काही कळलं नाही तरी चेहरा गंभीर ठेवला की भागतं. भाच्याने मला ‘किड ए’ ऐकायला लावला तेव्हा ही सोय कामी आली.

ऑक्सफर्डकडच्या रेडिओहेड या बँडचा हा अल्बम ऑक्टोबर 2000 मध्ये निघाला. 1997 च्या ‘ओके कॉम्प्युटर’मुळे जग त्यांच्या गिटारींवर फिदा होतं. यांनी गिटारी बऱ्याचशा कोपऱ्यात ठेवल्या आणि यंत्रं पुढ्यात ओढली. गायक टॉम यॉर्कने तर ओळींच्या चिठ्ठ्या केल्या, टोपीत टाकल्या आणि हाताला येतील तशा जुळवल्या.

आता टोपीतून निघालेल्या ओळींचा अर्थ लावायचा कोणी? समीक्षकांनी. ते पदर खोचून बसले. ‘पिचफोर्क’ने दहापैकी दहा गुण दिले. ‘मेलडी मेकर’ने शिव्यांची लाखोली वाहिली. (1926 पासून चाललेलं हे साप्ताहिक त्याच डिसेंबरात बंद पडलं. अल्बमचा तळतळाट, असं भाच्याचं मत.) कौतुक आणि निंदा शेजारी ठेवून वाचली तर यादी एकच: चाल हाती लागत नाही, शब्द कळत नाहीत, गिटार शोधावी लागते. एकाने वर ‘गुण’ असं लिहिलं, दुसऱ्याने ‘दोष’.

मला पटले ते कादंबरीकार निक हॉर्नबी. ‘न्यू यॉर्कर’मध्ये त्यांनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की या अल्बमला लागणारा धीर आणि भक्ती पगार सुरू झाला की आटत जाते. मी गृहकर्जाच्या हप्त्यांतली बाई. परक्याचं दुःख जवळजवळ पन्नास मिनिटं ऐकायचं म्हणजे कुकर लावून झाल्यावरच.

पण गिऱ्हाइकांनी हॉर्नबींना विचारलं नाही. एकही गाणं आधी सुटं विकलं नव्हतं, धड व्हिडिओ नव्हता, तरी अल्बम ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर. पुढे ग्रॅमीही मिळालं. 2009 मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने त्याला दशकातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. चिठ्ठ्या त्याच, टोपी तीच.

आमच्या घरी मात्र समीक्षा सासूबाईंनी केली, तीही मेथी निवडता निवडता. ‘द नॅशनल अँथम’मध्ये पितळी वाद्यांचा ताफा एकमेकांवर धावून जातो. त्या म्हणाल्या, “वरातीच्या बँडवाल्यांचे पैसे बुडवलेले दिसतात.” मग ‘ट्रीफिंगर्स’ आलं. शब्द नाहीत, ठेका नाही, नुसते लांबलचक सूर. सासूबाई उठल्या, फ्रीजला कान लावून आल्या.

“अगं, हा नाही घुमत. मग काय घुमतंय?”

“आई, गाणं आहे ते.”

“अगंबाई! कोण गेलं त्यांचं?”

लंडन-न्यू यॉर्कच्या तमाम परीक्षणांचं सार तीन शब्दांत. भाच्याने ते वहीत उतरवून घेतलं.

शेवटचं गाणं लागलं तसा सासूबाईंचा हात जुडीवरच थांबला. संगीत नाटकांवर वाढलेला त्यांचा कान. ‘मोशन पिक्चर साउंडट्रॅक’मध्ये यॉर्क चक्क पायपेटी वाजवतो. भात्याची धाप ऐकू येते, सूर पाय ओढत चालतात.

“पायपेटी ना ही?”

“हो, आई.”

“घरात पायपेटी होती,” सासूबाई मेथीची जुडी आपटत म्हणाल्या, “तर मेले इतका वेळ करत काय होते?”