दाजी, राजधानी बघा!

आमच्या गल्लीतली निम्मी मंडळी यंदा दिल्ली करून आली. इंडिया गेटपुढं भेळ खाल्ली, राजघाटावर चपला काढल्या आणि त्या परत सापडल्या याचाही फोटो टाकला. आमची झेप एसटीपुरती. बरं, बायकोचं माहेर साताऱ्यात, आणि साताऱ्याला नुसतं सातारा म्हणायची तिथं पद्धत नाही. मोटारीच्या काचेवर, हॉटेलाच्या पाटीवर, दुधाच्या टँकरवरसुद्धा ‘राजधानी सातारा’. बोलायला जागा नाही. शाहू महाराजांचा राज्याभिषेक तिथंच झाला, 12 जानेवारी 1708 ला. आमची सांगलीही पटवर्धनांची राजधानी होती, पण आम्ही ते टँकरवर लिहीत नाही. आमच्या जतकडचे टँकर पाणी घेऊन पळत असतात, वाचायला थांबतंय कोण!

मेव्हणा स्टँडवर हजर. “दाजी, एका दिवसात सगळी राजधानी दावतो.”

आधी संग्रहालय, वाघनखं बघायला. लंडनच्या म्युझियमनं तीन वर्षांच्या बोलीवर उसनी दिलेली वाघनखं 2024 च्या जुलैत साताऱ्यात उतरली, तेव्हा गावात दिवाळी. आम्ही पोचेस्तोवर ती पुढच्या मुक्कामी, नागपूरला. “उशीर केलासा,” मेव्हणा म्हणाला. आता उशिराचंच काढायचं तर साताऱ्याचे वकील रंगो बापूजी लंडनात 14 वर्षं छत्रपतींची बाजू मांडत बसले. त्यांना उसनंसुद्धा काही मिळालं नाही. इंग्रजांनी 1848 ला राज्यच खालसा केलं. वाघनखांच्या पेटीवर ग्रँट डफचं नाव आहे, साताऱ्याचा रेसिडेंट. मराठ्यांचा इतिहासही त्यानंच लिहिला. नखं घेऊन गेला, बखर देऊन गेला. पावती तेवढी राहिली.

मग अजिंक्यताऱ्याच्या उतारावर चार भिंती. राजघराण्यातल्या बायकांना दसऱ्याची मिरवणूक दिसावी म्हणून प्रतापसिंह महाराजांनी हे ठिकाण बांधलं. आता ते 1857 च्या वीरांचं स्मारक. तिथं जोडपी बसलेली, पाठ स्मारकाकडं, तोंड शहराकडं. म्हणजे वास्तूचा मूळ उद्देश त्यांनीच टिकवलाय. एका दगडावर खिळ्यानं बदाम कोरलेला, त्यातून बाण, बाणाच्या एका टोकाला ‘पप्पू’, दुसऱ्याला ‘स्वाती’. स्वातीवर कुणीतरी मागाहून काट मारलेली. स्मारकावर नावं असावी लागतात एवढं तरुण पिढीला कळलंय. कुणाची, एवढाच घोळ. खाली गेंडामाळावर 1857 च्या सप्टेंबरात सतरा जणांना मारलं, काहींना तोफेच्या तोंडी देऊन. “त्यातली दोन नावं सांगा की पाव्हणं,” म्हटलं. त्यानं लगबगीनं मोबाईल काढला. डोक्यावर दूरदर्शनचा एवढा मनोरा, पण रेंज नाही.

कंदी पेढे झाले. (पाव किलो. इतिहासाला एवढं पुरतं.)

उन्हं कलताना संगम माहुली. कृष्णा-वेण्णेच्या काठी शाहू महाराजांची समाधी, आणि त्यांच्या कुत्र्याचीही. या कुत्र्यानं वाघाच्या शिकारीत महाराजांचा जीव वाचवला म्हणतात. महाराजांनी त्याला सनद दिली, पालखीचा मान दिला. पुढं एक सरदार फार डामडौलात दरबारी यायला लागला, तेव्हा महाराजांनी कुत्र्याला भरजरी कपडे घातले, दागिने चढवले आणि स्वतःची पगडी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. हेही डफच लिहून गेलाय. हल्ली जयंती-पुण्यतिथीला पाहुण्यांसाठी फेटे तासावर भाड्यानं मिळतात; बांधणारा, तुरा, सगळं त्यात. तसा कुत्रा मात्र मिळत नाही. मी समाधीला वाकून नमस्कार केला. मेव्हण्यानं फोटो काढला आणि म्हणाला, “दाजी, हा टाकू नका, लोकं भलताच अर्थ काढतील.”

रात्री तो भडंग न्यायला आमच्यासोबत सांगलीला आला. “तुमच्याकडं काय हाय बघायसारखं?” मी स्कूटर लावली ती गणेशदुर्गाच्या बाजूला, रोज तिथंच लावतो, सावली असते. त्याला म्हटलं, हा तुरुंगाचा तट बघ. 24 जुलै 1943 ला वसंतदादा आणि त्यांचे साथीदार या तुरुंगातून तटावरून उड्या टाकून पळाले. दादांना गोळी लागली, अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गेले.

तो पहिल्यांदाच गप्प झाला. तटाकडं मान वर करून बघत राहिला.

“आत जाऊन बघता येतं का?”

“येतं की. तुरुंग अजून चालू आहे. फक्त आधी काहीतरी गुन्हा करावा लागतो.”

“मग ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “भडंगाचं दुकान बंद व्हईल.”