जलपर्णी आणि 31 मार्च

पदवीच्या विद्यार्थ्याने संशोधन करावे आणि त्याचा खर्च त्याच्या प्राध्यापकाने अनुदान मिळवून भागवावा, या विचाराला आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 चे अधिष्ठान लाभले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते, आणि त्यासाठी त्याला 12 श्रेयांकांचा प्रकल्प पूर्ण करावा लागतो. गुण, सत्रे व श्रेयांक यांची अशी चोख मोजदाद झाल्यावर प्रयोगाला लागणारी काचेची बाटली कोणाच्या पैशाने आणायची एवढाच किरकोळ प्रश्न उरतो, आणि तेथूनच प्रस्तावलेखन नावाच्या ज्ञानशाखेचा आरंभ होतो.

या ज्ञानशाखेच्या अभ्यासासाठी मावळातील इंदुरी हे गाव फार सोयीचे आहे. लोणावळ्याच्या परिसरात उगम पावलेली इंद्रायणी येथून पुढे देहू-आळंदीकडे जाते. 1717 मध्ये शाहू महाराजांकडून सेनापतिपद मिळालेल्या खंडेराव दाभाड्यांची गढी तिच्याच काठी उभी आहे. आणि याच तालुक्यात, वडगावच्या भात संशोधन केंद्रात, आंबेमोहोराच्या वंशातून ‘इंद्रायणी’ तांदळाचे वाण सिद्ध झाले. तात्पर्य, मावळाला संशोधनाचे वावडे नाही आणि विषयांचीही वाण नाही. उदाहरणादाखल असे कल्पावे की, परिसरातील एका महाविद्यालयाच्या प्राध्यापकाला, उन्हाळ्यात नदीवर पसरणाऱ्या जलपर्णीमुळे पाण्यातील विरघळलेला प्राणवायू किती घटतो, हे तृतीय वर्षाच्या तीन विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यायचे आहे. त्यासाठीची विंकलर पद्धत 1888 पासून जगाला ठाऊक आहे : नमुन्यातील प्राणवायू मँगनीजच्या क्षारात बांधून घ्यायचा, त्याच्या प्रमाणात आयोडीन मोकळे करायचे, आणि स्टार्च घालून थायोसल्फेटचे थेंब सोडत निळा रंग नाहीसा होईपर्यंत मोजायचे. एवढे काम पदवीचा विद्यार्थी उत्तम करतो. मात्र ते त्याने कशासाठी करावे हे समितीला पटवून देणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते, म्हणून तो भाग प्राध्यापक करतात.

‘इंदुरी येथील जलपर्णी’ असे शीर्षक दिलेला प्रस्ताव मंजूर होण्याची शक्यता नसते, कारण त्यातून नेमके काय करायचे आहे ते लगेच कळते. ‘शाश्वत विकास उद्दिष्टांच्या परिप्रेक्ष्यात इंद्रायणी खोऱ्यातील आक्रमक जलवनस्पतींचे बहुविद्याशाखीय मूल्यमापन’ असे म्हटले, की बाटली तीच राहते पण वजन वाढते. त्यानंतर ‘अपेक्षित निष्पत्ती’ या रकान्यात, जे अजून शोधायचे आहे ते काय सापडणार, हे नमूद करावे लागते. सापडेल तसे लिहू, असे उत्तर प्रामाणिक असले तरी अपात्र ठरते. सामाजिक उपयुक्तता, भारतीय ज्ञानपरंपरेशी संबंध आणि पेटंटची शक्यता यांना प्रत्येकी एक परिच्छेद देऊन झाल्यावर विद्यार्थ्यांचा उल्लेख येतो. तो पुढीलप्रमाणे असतो : ‘विद्यार्थी सहभाग : होय.’

खर्चाचे शास्त्र याहून सूक्ष्म आहे. टिकाऊ वस्तूंवरचा खर्च तो अनावर्ती आणि रसायने, काचसामान, प्रवास यांवरचा तो आवर्ती; एका शीर्षाखालचे पैसे दुसऱ्याखाली वळवणे हा प्रमाद समजला जातो. बाटल्यांसाठी तीन दुकानांची कोटेशने आणून तुलनात्मक तक्ता करावा लागतो, आणि अनुभवी दुकानदार उरलेल्या दोघांचीही कोटेशने स्वतःच पुरवून संशोधनाला हातभार लावतो. तळेगावहून इंदुरीला जाणारे विद्यार्थी शेअर रिक्षात बसतात. ही रिक्षा कोंबून माणसे भरते, वेळेवर पोचवते, पण पावती देत नाही. पावतीविना प्रवास झाला असे हिशेबशास्त्र मानीत नाही, आणि त्यामुळे नमुना नदीतूनच आणला का, अशी शंका लेखापरीक्षकाला येऊ शकते. तिचे निरसन जिओटॅग छायाचित्राने होते, म्हणजे ज्यावर अक्षांश, रेखांश, दिनांक व वेळ उमटलेली असते अशा छायाचित्राने. पाण्याचे आकडे चुकले तर पुन्हा मोजता येतात. छायाचित्र काढायचे राहिले तर महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात ती भेट घडलेलीच नसते. हे लक्षात घेता तिघांतील एकाने बाटली धरावी आणि दोघांनी मोबाइल धरावा, ही श्रमविभागणी शास्त्रशुद्धच म्हटली पाहिजे.

खरी गंमत कालगणनेत आहे. जलपर्णी उन्हाळ्यात माजते आणि पावसाच्या पहिल्या मोठ्या लोंढ्याबरोबर वाहून जाते. प्रस्ताव मागवणारे परिपत्रक ऐन पावसाळ्यात निघते. छाननी दिवाळीनंतर होते, मंजुरीचे पत्र हिवाळ्यात येते आणि पहिला हप्ता मार्चमध्ये जमा होतो, तो 31 मार्चपूर्वी खर्च करण्याच्या अटीसह. याच सुमारास नदीवर जलपर्णी पसरू लागते, परंतु त्या पंधरवड्यात प्राध्यापक कोटेशने गोळा करीत असतात आणि विद्यार्थी परीक्षेच्या तयारीत असतात. एप्रिलमध्ये रसायने असतात, जलपर्णी असते, पैसे संपलेले असतात. दुसरा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे दिलेला पैसा दिल्या कामीच लागला असा सनदी लेखापालाच्या सहीचा दाखला, सादर केल्यावर मिळतो. तोवर तिन्ही विद्यार्थी पदवीधर होऊन चाकणच्या कारखान्यांत रुजू झालेले असतात. अहवालात त्यांची नोंद ‘रोजगारप्राप्ती’ या निष्पत्तीखाली होते, हे त्यातल्या त्यात समाधान.

हा दोष एका महाविद्यालयाचा नव्हे. संशोधन ही करपात्र सेवा आहे काय, या प्रश्नावर संस्थांना 18 टक्के जीएसटीच्या नोटिसा जाण्यापर्यंत देशाची मजल गेली होती; 9 सप्टेंबर 2024 रोजी जीएसटी परिषदेने संशोधन अनुदानांना सूट देण्याची शिफारस केली, तेव्हा कोठे ही तात्त्विक चर्चा थांबली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत 1969 पासून पदवीचा विद्यार्थी प्राध्यापकाच्या प्रकल्पात काम करून त्याबद्दल श्रेयांक किंवा थेट मानधन मिळवू शकतो. आपल्याकडे श्रेयांक आले आहेत, मानधनाची वाट पाहणे चालू आहे.

इंदुरीच्या घाटावर काम व्हावे अशी खरोखर इच्छा असेल, तर संबंधितांनी अनुदानाची मुदत आर्थिक वर्षाऐवजी 18 महिन्यांची करावी, म्हणजे तीत किमान एक पूर्ण उन्हाळा येईल; आणि रिक्षाभाड्यासारखा किरकोळ खर्च विद्यार्थ्याच्या सहीवर मान्य करावा. या दोन्ही दुरुस्त्यांना एक परिपत्रक पुरेल, आणि त्यासाठी तीन कोटेशनांचीही गरज नाही.